पाव किलो हिरव्या बिया

डबा विटांवर चढवून भाऊजींनी गॅस पेटवला आणि सवयीनं शेजारच्या स्टुलाकडे पाहिलं. स्टूल रिकामं होतं. दीड महिन्यापूर्वी वारेपर्यंत तिथे त्यांचा थोरला भाऊ, दादा, बसायचा.

"माझ्या घरी एकट्यानं तीनदा कॉफी भाजून पाहिली, वहिनी. तिन्ही वेळा कोळसा. दादानं आणलेल्यातली एवढीच पाव किलो उरलीय. ही बिघडली की संपलं."

"मग गॅस बारीक करा," वहिनी त्यांच्यासमोर येऊन मोठ्यानं म्हणाल्या. भाऊजींशी बोलायचं तर समोरूनच. छापखान्यातल्या मशीननं बत्तीस वर्षांत त्यांचे कान खाल्ले होते आणि श्रवणयंत्र लावायला ते तयार नव्हते. एका यंत्रानं नेलेलं दुसऱ्या यंत्राकडे कशाला मागायचं, असं त्यांचं म्हणणं.

कॉफी भाजायचं यंत्र मात्र दोघा भावांनी स्वतः जमवलं होतं, तेही फुकटात. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्याला खिळ्यानं पाडलेली भोकं, आरपार मोडक्या छत्रीचा दांडा आणि टोकाला वहिनींच्या शिवणयंत्राची मूठ. ती काढताना वहिनींना विचारायचं दोघांपैकी कोणालाही सुचलं नव्हतं. दर रविवारी भाऊजी डबा फिरवत आणि अखंड बोलत. दादा नुसते बसून असत. बी पहिल्यांदा तडकली की त्यांचं एक बोट वर. पुढे बारीक तडतड सुरू झाली की दोन बोटं, आणि गॅस बंद. दहा सेकंद उशीर झाला तर कॉफीऐवजी डांबर. "कान दादाचे, हात माझे," असं भाऊजी चारचौघांत सांगत.

आज ते मुकाट्यानं फिरवत होते. धूर निघू लागला तसे ते पुन्हा पुन्हा रिकाम्या स्टुलाकडे पाहू लागले. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या, स्टुलावर बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी एक बोट वर केलं.

भाऊजी बघतच राहिले. पण फिरवायचे थांबले नाहीत. मग दोन बोटं वर झाली आणि त्यांनी गॅस बंद केला. चाळणीत ओतलेल्या बिया एकसारख्या तपकिरी होत्या. एकही करपली नव्हती.

"तुम्हाला कसं कळलं?"

वहिनींनी चाळण हलवून बिया पसरल्या. आता लपवून कोणाची अब्रू राखायची होती?

"ह्यांचे कान चार वर्षांपूर्वीच गेले, भाऊजी. तुमच्या पाठीमागे, दारात मी असायचे. मी बोट दाखवायचे, मग हे दाखवायचे."

"मला कधी बोलला नाही तो."

"म्हणायचे, त्याला कळलं तर रविवारचा यायचा बंद होईल."

भाऊजींना हसू फुटलं. दोन बहिरे चार वर्षं गप्पा मारत होते. मग ते हसू अर्ध्यावरच राहिलं.

"गेल्या थंडीत मी त्याच्याजवळ आईचं बोललो होतो. इथेच. ती तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि मी फिरकलो नाही. माफ कर म्हटलं. त्यानं मान हलवली."

"ते कशालाही मान हलवायचे."

"म्हणजे ऐकलंच नाही त्यानं."

"नाही."

भाऊजी गार पडत चाललेल्या डब्याची मूठ धरून बसून राहिले. "मग ते राहूनच गेलं की," ते म्हणाले. "आता कोणाजवळ बोलायचं?"

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. भाऊजींची नजर गॅसवर होती.

वहिनींनी चाळण उचलली, खिडकीपाशी गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहून बिया उडवू लागल्या.

"आईंना तीन वर्षं कुशीवर वळवलं ते मी," त्या खिडकीकडे बघत, साध्या आवाजात म्हणाल्या. "आणि तुम्ही माफी मागितलीत त्या दिवशीही दारात मीच उभी होते."

"काय म्हणालात?" भाऊजी उठून जवळ आले.

वहिनी वळल्या.

"फोलपटं डोळ्यांत जातील म्हटलं. मागे व्हा."

भाऊजी मागे झाले.