उताराच्या तोंडाशी

चढ संपला आणि शालूच्या सायकलची चेन उतरली. चढावरच उतरली असती तर निदान दम खायला निमित्त झालं असतं. इथून पुढे नुसता उतार होता, दोन मैलांची दगडगोट्यांची गाडीवाट, आणि पायथ्याशी शर्यतीची शेवटची रेघ.

ती सगळ्यांच्या पुढे होती. मागे अकोल्याची सुभद्रा, आणि तिच्याही मागे तिघी, सागाच्या झाडीत कुठेतरी. साल त्रेसष्ट. धारणीच्या रानात पोरींची सायकल शर्यत होते, हेच मुळी लोकांना खोटं वाटत होतं. पहिली येईल तिलाच पुण्याला राज्याच्या शर्यतीत पाठवणार होते. नांदगाव खंडेश्वरहून निघताना शालूच्या बापाने, किसनरावांनी, साफ सांगून टाकलं होतं, "पह्यली आली तं पुढं खेळ. नाही तं ज्याची सायकल त्याले वापस, अन् तू घरी." सायकल थोरल्या भावाची होती.

ती खाली बसली आणि मागचं चाक हाताने फिरवू लागली. तेव्हा ठकठक ऐकू आली.

वाटेच्या कडेला एक कोरकू म्हातारा सागाचा खांब आडवा टाकून छिन्नी चालवत होता. असे खांब तिने सकाळपासून दोन ठिकाणी उभे पाहिले होते. मेलेल्या माणसाच्या नावाने ते कोरतात. वर चंद्र-सूर्य, खाली घोड्यावर बसलेला माणूस. या खांबावर चंद्र होता, सूर्य होता. घोडा नव्हता. त्याच्या जागी दोन चाकं होती आणि त्यांवर बसलेली एक बाई, वेणी मागे उडालेली. चेहऱ्याच्या जागी लाकूड कोरं होतं.

भर उन्हात शालूच्या अंगावर काटा आला.

"कोन हाये हे?"

"सिस्टरबाई. दवाखान्यातली." म्हाताऱ्याने मान वर केली नाही. "अकोल्याची व्हती म्हने, जठारपेठेची. माह्या दोन्ही नातवाईले तिनंच जगात आनलं. आमचीच समज. मागच्या साली या उतारावर गेली."

"पडली?"

"चेन उतरली व्हती तिची. तू बसली ना, तिथंच बसून लावली तिनं."

शालू बसल्या जागेवरून हातभर सरकली. सरकून काही होत नसतं हे तिलाही कळत होतं.

"घाई लय व्हती तिले," म्हातारा म्हणाला. "खालच्या गावात बाळंतीन अडली व्हती. 'जातो बाबा' म्हने, अन् गेली. निघतानी असं कोनी म्हनते का?"

कोणी म्हणत नाही. शालूच्या घरी बाजाराला निघालेलं माणूससुद्धा 'येतो' म्हणूनच उंबरा ओलांडत असे. कुणाच्या तोंडून 'जातो' निघालंच, तर दुर्गाबाई, तिची आई, त्याला पुन्हा घरात बोलावून पाणी प्यायला लावायची. शालू याला हसायची. आज हसू आलं नाही.

तिची बोटं काळी झाली, पण चेन एकदाची दात्यांवर बसली.

"पोरी, जरा इकडं पाह्य."

"काहून?"

"तिचं तोंड आठवत नाही कोनाले. धुळीपायी सदा रुमाल बांधून राहे. बाकी सारं कोरून झालं, तोंडच राह्यलं."

मोठ्या माणसाने पाहा म्हटलं की पाहायचं, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. तिने पाहिलं. म्हाताऱ्याची नजर तिच्या कपाळावरून नाकावर आली, नाकावरून हनुवटीवर. वाईट नजर नव्हती ती. सुतार लाकडाकडे बघतो तशी कामाची नजर होती, आणि म्हणूनच तिला ती सोसवेना. मग छिन्नी लाकडावर टेकली.

मागच्या चढावर घंटी वाजली. सुभद्रा आली होती.

शालूने टांग मारली. त्या घाईतही तिला शहाणपण सुचलं. सिस्टर जिथे चुकली तिथे आपण चुकायचं नाही. पहिलं पायडल मारता मारता ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली,

"येतो, बाबा!"

म्हातारा पहिल्यांदाच हसला. त्याला बरं वाटलेलं दिसत होतं. "ये. मी इथंच हावो. तवरिक डोळे कोरून व्हतात."

वीस-पंचवीस हात खाली गेल्यावर तिच्या लक्षात आलं. 'येतो' म्हटलं खरं, पण कुठे येतो म्हटलं? घरी नव्हे. त्या खांबापाशी.

ब्रेक तिने दाबले नाहीत, हातांनीच दाबले. सायकल खरडत खरडत उतरू लागली. "मले मरायचं नाही," ती स्वतःशीच बोलली आणि आपलाच आवाज ऐकून आणखी घाबरली. इतकी भीती तिला कधी विहिरीत उडी मारतानाही वाटली नव्हती.

"चेन पडली का वं?" असं ओरडत सुभद्रा शेजारून निघून गेली. उत्तराला थांबली नाही. शर्यतीत कोण थांबतं!

धूळ खाली बसली. मागची ठकठक इतक्या लांबूनही खांद्यामागे असल्यासारखी ऐकू येत होती. मग ठकठक थांबली. डोळे झाले असतील. किंवा म्हातारा तंबाखू मळत बसला असेल. काही का असेना, मागे वळून पाहायचं नाही एवढं तिने ठरवलं. समोर सुभद्राची पाठ लहान लहान होत चालली होती.

शालूने ब्रेकवरची बोटं एकेक करून उघडली.