भेगा

सेबू नदीकाठच्या म्हाताऱ्या हद्दाच्या काळ्या, भेगाळलेल्या शेतात माती तपासणाऱ्या बाईंनी सकाळी हिरवं रंगीत पाणी ओतलं. दुपारी हद्दाच्या विहिरीतून बादली वर आली ती हिरवीगार!

"खतही असंच भेगांतून थेट विहिरीत उतरतं, मावशी," बाई म्हणाल्या. "तान्ह्या बाळाला हे पाणी म्हणजे विष."

हद्दाने बादली तिथेच उपडी केली. गेल्या पेरणीला याच पाण्यात कालवलेलं दूध पिऊन तिची नात निळी पडून दगावली होती. तेव्हा सून तामूला पांढऱ्या पायाची ठरवून हद्दानेच लेकाकडून तलाक देववला होता.

"बूसल्हाम, ऊठ! तामूला घेऊन ये. मी तिचे पाय धरीन."

लेक मान खाली घालून म्हणाला, "मला राहवलं नाही, मी कालच तिला आणायला जाऊन आलो, आई. तिच्या दुसऱ्या लग्नाचा मांडव घातलेला होता दारात."