सासऱ्यांचे बूट

नववा महिना सरत आला तसे तिचे पाय इतके सुजले, की एकही चप्पल चढेना. तपासणीला निघायची वेळ झाली आणि नवरा कामावर. दाराशी बसून ती पायांकडे बघायला गेली, तर पोटाआडून तेही धड दिसेनात. तेवढ्यात सासरे आले. मुलाने त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केल्यापासून ते तिच्याशी कामापुरतंच बोलत. त्यांनी आपले फिरायचे बूट तिच्यासमोर ठेवले आणि गुडघे टेकून बसले. ती गडबडली. "अहो, तुम्ही माझ्या पायांना हात..." "पायांना कुठे? बूट माझेच आहेत," असं गुरगुरत त्यांनी ते तिच्या पायांत चढवले आणि नाडी बांधली. "घट्ट होतंय का?" मान वर न करता त्यांनी विचारलं. बूट अगदी नीट बसले होते. तरी ती पहिल्यांदाच हक्काने म्हणाली, "थोडं सैल करा ना, बाबा." त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मग गाठ सोडली.