उजवा पाय

“खांदे नको धरूस, दादा. कमरेचा पट्टा धर,” ती म्हणाली. “त्यांच्या डाव्या गुडघ्याला तुझा गुडघा टेकव. मी तीन म्हटलं की वर घ्यायचं आणि लगेच खुर्चीकडे वळायचं.”

दादाने बाह्या सरसावल्या. त्याच्या दंडांना घरात मोठा मान होता. रोज सकाळी तो जिममध्ये लोखंड उचलून येई आणि आल्यावर दोन अंडी जास्त मागे. पलंगाच्या काठावर पाय सोडून बसलेले बाबा मान वर करून त्याच्याकडे बघत होते.

“एक, दोन, तीन.”

बाबा वीतभर वर आले आणि धपकन गादीवर बसले. दादा त्यांच्या अंगावर पडता पडता वाचला.

“खाता तरी काय हो बाबा?”

“तुझ्या आईची बोलणी,” बाबा म्हणाले.

गोळ्या आणि पाणी घेऊन दारात उभी असलेली आई हसली नाही.

सकाळपासून हेच चाललं होतं. पुढच्या आठवड्यात तिचं विमान होतं. परदेशातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, व्हिसा आला होता, अर्धी भरलेली बॅग याच पलंगाखाली ढकललेली होती. घोडं अडलं होतं ते एवढ्यावरच, की बाबांना पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवणं तिच्याखेरीज कुणालाच जमत नव्हतं. आईची कंबर कामातून गेलेली. पगारी माणूस ठेवला, तर त्याला बाबांनी दोन दिवसांत पळवून लावलं. मागच्या वर्षी तिने विनवण्या करून जागा राखून घेतली होती, पण विद्यापीठ दुसऱ्यांदा काही राखणार नव्हतं. दादा शिकला तर ती सुटली. सुटली हा शब्द मनात आला म्हणून तिला लाज वाटली, पण आला होता खरा.

बाबा गाडी चालवायला शिकवायचे. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. झटका येऊन डावी बाजू गेली, तेव्हा शुद्धीवर येताच म्हणाले होते, “क्लच गेला. ब्रेक शाबूत आहे.” त्यांच्या शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाखालीही एक ब्रेक असे. शिकणारा गांगरला की ते तो गुपचूप दाबत आणि गाडी थांबल्यावर म्हणत, “शाबास! बरोबर वेळेवर थांबवलीस.” माणूस खुशीत घरी जाई. तीही त्यांच्याकडेच शिकली होती, आणि बरेच दिवस अशीच खुशीत घरी आली होती.

“तू दाखव बरं पुन्हा,” दादा म्हणाला.

तिने पट्टा धरला, तीन म्हटलं आणि बाबा उठले. ही काडीपैलवान आणि ते एवढे धिप्पाड, पण तिच्या हातात फुलासारखे वळून खुर्चीत बसले. तसेच परत पलंगावरही आले.

“काहीतरी जादू आहे हिच्या हातात,” दादा म्हणाला.

“जादू कसली, सवय आहे,” आई म्हणाली. “हात बदलला की त्यांना धडकी भरते. पुढच्या वर्षी जा गं. विद्यापीठ काय पळून जातंय?”

“मागच्या वर्षी हेच म्हणाली होतीस, आई.”

ती दादाकडे वळली. “पुन्हा कर. मी खालून बघते, काय चुकतंय ते.”

ती फरशीवर उकिडवी बसली. समोर बाबांची दोन पावलं होती. डावं काढून ठेवलेल्या चपलेसारखं निपचित पडलेलं. उजवं फरशीवर सपाट टेकलेलं. ती उचलायची तेव्हा हेच पाऊल जमिनीला असा रेटा द्यायचं की निम्मं ओझं बाबाच उचलायचे.

“एक,” ती म्हणाली. “दोन. तीन.”

उजवी टाच उचलली गेली. पाऊल हळूच पुढे सरकलं आणि अधांतरी राहिलं. बाबा धपकन बसले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने वर बघितलं. दादाच्या खांद्यावरून बाबा तिच्याकडेच बघत होते. तिने पाहिलंय हे त्यांना कळलं होतं. डोळ्यांत लबाडी असती तर बरं झालं असतं, पण तिथे नुसती भीती होती. आलेला राग तिला धड काढता येईना, धड गिळता येईना.

दादा कंबर धरून उभा राहिला. “सांग ना, काय चुकतंय माझं?”

एक वाक्य पुरेसं होतं. दादा बाबांवर ओरडला असता, आई रडली असती, बाबांनी मान खाली घातली असती आणि उद्यापासून मुकाट्याने पाय रोवला असता. पुढच्या आठवड्यात ती विमानात बसली असती. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं.

“तुझा गुडघा नीट लागत नाहीये,” ती म्हणाली.

“मग माझ्याच्याने नाही व्हायचं, बाई,” दादा म्हणाला. त्याला जरा हायसंच वाटलेलं दिसलं. आईने गोळ्यांची वाटी टेबलावर ठेवली. पलंगाखालच्या बॅगेचं कुणीच नाव काढलं नाही.

ती पुढे झाली. पट्टा धरला, बाबांच्या डाव्या गुडघ्याला आपला गुडघा टेकवला.

“एक, दोन...”

तीन म्हणायच्या आतच बाबा उभे राहिले होते. त्यांचं डोकं तिच्या खांद्यावर आलं. तिच्या कानाशी, फक्त तिलाच ऐकू जाईल असं, ते पुटपुटले, “शाबास.”