पायरीवरचं साळिंदर

मुलांनो, एक जुनं कॉमिक डोळ्यांसमोर आणा. टीव्हीवरच्या कार्टूनमधलं टोपीवालं साळिंदर त्यात एका मावशीने काढलंय. एकेक काटा इतका सुरेख ओला, की बोट लावलं तर भिजेल असं वाटावं. शेवटच्या चित्रात ते भर पावसात, बंद दाराच्या पायरीवर उभं आहे.

"मग त्याला आत घेतलं का गं, मावशी?" भाचीने विचारलं.

"अगं, टीव्हीवरचं कार्टून बंद पडलं. पुढचा अंक निघालाच नाही."

"म्हणजे तेव्हापासून भिजतंय?"

मावशी हसत ब्रश धुवायला गेली. भाचीने पुन्हा पान उघडलं. पाऊस होता, दार होतं. पायरी रिकामी होती.

तेवढ्यात घराच्या दारावर थाप पडली, अगदी खाली, गुडघ्याच्या उंचीवर.

बाहेर लख्ख ऊन होतं, तरी दाराखालून पाणी आत येत होतं.

भाचीने टॉवेल घेतला आणि कडी काढली.