साठवलेला चेहरा

"यांचे डोळे इतके पिवळे कधीपासून झालेत?" डॉक्टरांनी विचारलं.

दिगंबररावांनी बायकोकडे, कुमुदताईंकडे पाहिलं. "पिवळे? चांगली ठणठणीत दिसतेय की!"

डॉक्टरांनी दिगंबररावांच्या कृत्रिम डोळ्यांची सेटिंग तपासली. बॅटरी वाचावी म्हणून ते डोळे ओळखीचे चेहरे नव्याने टिपत नसत, साठवलेलं चित्रच दाखवत. कुमुदताईंचं चित्र दोन वर्षांपूर्वीचं होतं, भाचीच्या लग्नातलं, नथ घातलेलं. डॉक्टरांनी ते पुसलं.

समोरच्या खुर्चीत गालफडं बसलेली, हळदीसारखी पिवळी बाई होती.

"सहा महिन्यांपूर्वी आणलं असतंत तर उपाय होता," डॉक्टर म्हणाले.

"अगं कुमुद, मला सांगायचं तरी!"

"रोज सांगत होते. तुम्ही माझ्याकडे बघायचात आणि म्हणायचात, नाटकं पुरे."