‘अग्निवलय’ चालू राहू दे

‘अग्निवलय’चा नवा भाग संपला आणि टीव्हीतून सुमेध नेहमीसारखा कुरकुरला, "मेलेल्या कॅप्टनला पुन्हा उठवलं. मेलेला माणूस मेलेलाच ठेवावा की. या वेळी मी मालिका बंद करा असंच मत देणार."

शर्वरीच्या हातातला चहा निवत चालला होता. तिला ही मालिका कधीच आवडली नव्हती. पण ती बनवणाऱ्या कंपनीनं जुन्या चाहत्यांच्या मनांच्या प्रती जपून ठेवल्या होत्या आणि त्यांच्या मतांवरच मालिका चालायची. ती बंद झाली की प्रतीही पुसल्या जाणार होत्या.

"असं मत देऊ नकोस, सुमेध. चालू दे ना अजून."

"तुला कधीपासून एवढी काळजी?" तो हसला.

तू गेल्यापासून, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तो गेल्याचं त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं.